परवापासून बंद

४ नोव्हेंबर

वहिनी,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच पाऊण तास गेला. 'सौ.' लिहिलं, खोडलं. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, तेही खोडलं. नऊ वर्षं जिच्याशी धड शब्द बोलले नाही तिला एकदम सप्रेम म्हटलं तर तुम्हालाच हसू येईल. म्हणून नुसतं वहिनी. नातं तेवढं अजून कुणी खोडलेलं नाही.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नका. शाळेच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे, कारण दादाच्या हाती ते आत्ताच पडायला नको. तुमचा नंबर मी तेव्हाच फोनमधून काढून टाकला होता, आणि आता दादाकडे मागायचा तर कारण सांगावं लागेल.

मी इथे शिकायला आले आहे हे त्याने सांगितलं असेलच. वॉर्डात सव्वीस वर्षं काढली, पण नर्सिंग शिकवायच्या जागेला पदवी लागते आणि माझ्याकडे जुनी पदविका. हाताखाली शिकलेल्या पोरी पदव्या घेऊन माझ्याच डोक्यावर येऊन बसायला लागल्या तेव्हा मीही हट्टाला पेटले. एकोणपन्नासाव्या वर्षी परदेशात विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं मला शिकवणारी बाई समजून वह्या सरसावून बसली. माझ्या खालोखाल वयाने मोठी आहे ती बत्तीस वर्षांची. वसतिगृहाच्या खोलीत टेबल, पलंग आणि मी, तिघांपैकी एकाने हलायचं तर दुसऱ्याने सरकावं लागतं. पण ते राहू दे. आज जे झालं ते सांगते.

आमच्या कॉलेजात एक लांब खोली आहे. तिथे आठ खाटा आणि प्रत्येक खाटेवर एक रबरी माणूस. त्याला नाडी लागते, छाती खालीवर होते आणि शेजारच्या खोलीतून कुणी बटण दाबलं की तो कण्हतो. सध्या आमचा धडा असा की, एका हातातून दुसऱ्या हातात रुग्ण सोपवताना सूचना कशी द्यायची. मी मनात म्हटलं, घ्या, आता हे मला शिकवणार. आमच्या मास्तरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत.

त्यांनी सांगितलं, तुम्ही नोकरीत किंवा घरी कुणाला खरोखर दिलेली एक सूचना आपापल्या भाषेत कागदावर लिहा. जोडीदार फोनमधल्या शब्दकोशातून शब्दाला शब्द लावेल, आणि तुम्हाला काहीही न विचारता ती सूचना रबरी माणसावर पाळेल.

मी कुठली लिहिली असेल ते तुम्ही ओळखलंत. तीच. कारण याहून स्वच्छ सूचना कुठल्या नर्सने लिहिली नसेल असं मी नऊ वर्षं सांगत आले आहे. नव्या पोरींना मी ती उदाहरण म्हणून सांगत असे, तुमचं नाव न घेता. बहुतेक वेळा न घेता.

'रक्त पातळ करायची गोळी परवापासून बंद.'

माझी जोडीदार चोवीस वर्षांची, कुठल्यातरी तिसऱ्याच देशातली, नाकावर भलामोठा चष्मा. मी तिला चष्मेवालीच म्हणते. तिने एकेक शब्द फोनमध्ये घातला. मग गोळ्यांच्या डबीला हातही न लावता ती खाटेपासून दोन पावलं मागे सरकली.

मी म्हटलं, "अगं, गोळी दे त्याला. आज द्यायची आहे, उद्याही द्यायची आहे."

"गोळी तर बंद आहे," ती म्हणाली. "दोन दिवसांपूर्वीच बंद झाली आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "चुकलीस. दोन दिवसांनी बंद करायची आहे."

तिने फोन माझ्यापुढे धरला. परवा. खाली दोन अर्थ, एकाखाली एक. कालच्या आधीचा दिवस. उद्याच्या नंतरचा दिवस.

"यातला कुठला?" तिने विचारलं. "तुमच्या वाक्यात क्रियापदच नाही."

वहिनी, या शब्दाला दोन अर्थ आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाच्याच ध्यानात नसतं. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बटण दाबलं आणि रबरी माणूस कण्हला. पोरं हसली. मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले. चष्मेवाली काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण मला ऐकू काही येत नव्हतं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी, हे मला आज कळलं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा क्रमाने लिहून काढते. मलाच खात्री करून घ्यायची आहे.

आई दोन आठवडे माझ्याकडे होती. सोमवारी मी तिला तुमच्या घरी आणून सोडलं. तिच्या हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी. शनिवारी दाढ काढायची होती, त्यासाठी डॉक्टरांनी गोळी बुधवारपासून थांबवायला सांगितलेली. तुम्ही शाळेत होतात, मला ड्यूटी होती, म्हणून मी डबीवर चिठ्ठी चिकटवून निघाले. सोमवारी बसून लिहिलेलं 'परवापासून' म्हणजे माझ्या डोक्यात बुधवारपासून. तुम्ही संध्याकाळी ती वाचलीत. आई माझ्याकडून आलेली, चिठ्ठी माझ्या हातची. तुम्ही समजलात की गोळी माझ्याकडे असतानाच, शनिवारपासून, बंद झालेली आहे. म्हणून सोमवारी दिली नाहीत आणि मंगळवारीही नाही.

शुक्रवारी सकाळी आईला अर्धांगाचा झटका आला.

असंच झालं ना? मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही विसरला नव्हतात आणि खोटंही बोलला नव्हतात. आज एवढंच लिहवतं आहे. दादाला अजून सांगू नका. माझा नंबर खाली लिहिला आहे.

तुमची नणंद


१२ नोव्हेंबर

वहिनी,

पहिलं पत्र तुम्हाला अजून मिळालंही नसेल, तरी दुसरं लिहायला बसले आहे. इथल्या धुलाईच्या खोलीत यंत्राला चाळीस मिनिटं लागतात आणि तोवर दुसरं काही करता येत नाही.

गेला आठवडाभर मी तुमच्यावर चिडलेली आहे. खरं ते लिहिते. पहिल्या दिवशी नुसती हादरले होते; दुसऱ्या दिवसापासून राग यायला लागला. मनात म्हणायचे, बाईंनी एक फोन करून विचारलं असतं तर? शाळेत पोरांना भूतकाळ नि भविष्यकाळ शिकवतात, मग बिनक्रियापदाचं वाक्य समोर आल्यावर शंका नको यायला? दोन दिवस मी हे घोकलं. चुकलं माझं, पण निम्मं तुमचं, असा हिशेब बसवायला बघत होते. चोराच्या उलट्या बोंबा.

चौथ्या दिवशी मास्तरीणबाईंनी वर्गात विचारलं, "सूचना देणाऱ्याने चिठ्ठी का ठेवली? समोर बसून का नाही सांगितलं?" मी उत्तर दिलं की कामाची वेळ झाली होती. ते उत्तर इंग्रजीत देताना मला माझंच तोंड दिसलं. कारण माझी ड्यूटी तीनची होती, वहिनी, आणि मी तुमच्या घरून बाराला निघाले. तुम्ही साडेबाराला शाळेतून येणार हे मला माहीत होतं. आई म्हणालीसुद्धा, "थांब ना, ती येईलच, चहा घेऊन जा." पण तुमच्या हातचा चहा घ्यायचा म्हणजे तुमच्या समोर बसून गोड बोलावं लागणार, आणि आदल्या महिन्यात आईला कुणी किती दिवस ठेवायचं यावरून आपलं वाजलेलं होतं. म्हणून अर्ध्या तासाचा कंटाळा केला. पहिल्या पत्रात 'मला ड्यूटी होती' असं लिहिलं आहे ते खोटं समजा.

आता हॉस्पिटलच्या बाकड्याजवळचं. ते लिहायचं टाळत होते.

दादा, काका, दोन्ही मावश्या, तुमच्या शेजारच्या बाई, कोण कोण होतं. मी मोजले आहेत, दहा माणसं होती. मी चिठ्ठी तुमच्या हातात दिली नि म्हटलं, "काय लिहिलंय? मोठ्याने वाचा."

तुम्ही वाचलीत.

"मग तसं केलंत?"

"तसंच केलं, वन्सं," तुम्ही म्हणालात.

मग मी डबी बाकड्यावर उपडी केली आणि गोळ्या मोजल्या. तेरा. अकरा असायला हव्या होत्या. मी दोन गोळ्या बोटात धरून सगळ्यांना दाखवल्या आणि म्हणाले, "या दोन माझ्या आईच्या पोटात असायला हव्या होत्या. आणि ही बाई तोंड वर करून सांगते की तसंच केलं." काका तुम्हाला म्हणाले, "शोभतं का हे?" दादा भिंतीकडे बघत होता. तुम्ही पुन्हा एकदा म्हणालात, "मी चिठ्ठीप्रमाणेच केलं." त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरला.

त्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दोन गोळ्यांनी झालं की नाही हे सांगता येत नाही. बंद असतानाच्या दिवसांतही होऊ शकलं असतं." हे मी कुणालाही सांगितलं नाही. मी छातीठोकपणे म्हणत राहिले की दोन गोळ्यांनीच झालं. नर्स म्हणतेय म्हटल्यावर सगळ्यांना पटलं.

आता या आठवड्यात तेच डॉक्टरांचं वाक्य मला सारखं आठवतं. सांगता येत नाही, होऊ शकलं असतं. किती आधार वाटतो त्याचा. पण तो घ्यायला मी लाजते, कारण नऊ वर्षं मी तो तुम्हाला मिळू दिला नाही. माझ्याच निकालाप्रमाणे माझ्या आईला मी अंथरुणाला खिळवलं.

यंत्र थांबलं. कपडे काढायला हवेत, बाहेर दुसरी पोरगी टोपली घेऊन उभी आहे.

तुमची नणंद


२७ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचा निरोप आला. दोन वाक्यं. 'पत्रं मिळाली. तुमच्या भावाला विचारा.'

मी वाचनालयात होते. फोन थरथरला, अनोळखी नंबर, आणि ही दोन वाक्यं. शेजारच्या पोराने विचारलं, बऱ्या आहात ना. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीतून उठून उभी आहे.

पण एक कळलं नाही. 'भावाला विचारा' म्हणजे काय? तुम्हाला 'भावाला सांगा' म्हणायचं असणार. मराठीच्या बाईंचं क्रियापद चुकलं म्हणावं तर माझ्या तोंडी ते शोभत नाही. सांगा म्हणजे सांगायलाच हवं, हे मलाही कळतं. तुमच्या डोक्यावरचा कलंक दादासमोर उतरायला हवा. मी तुमच्यापुढे कितीही नाक घासलं, तरी राहायचं तुम्हाला त्याच्यासोबत आहे.

आणि इथेच माझं घोडं अडलं आहे. मला सांगायची भीती वाटते. मला दादाशिवाय आहे कोण? हे गेल्यावर, लेक तिच्या संसाराला लागल्यावर, दर रविवारी माझ्याकडे येणारा तोच. या वयात शिकायला जाते म्हटल्यावर बाकी सगळे म्हणाले, पन्नाशी आली नि हिला शाळेची आठवण झाली. दादा एकटा म्हणाला, जा. विमानतळावर बॅग ढकलत आला. ज्या आईसाठी त्याने नऊ वर्षं बायकोशी तुटक संसार केला, त्या आईचं असं झालं ते या बहिणीमुळे, हे कळल्यावर तो माझं तोंड बघेल का? तुमच्या घरी तो त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच कपाटातून काढून घेतो, तुमच्याकडे मागत नाही, हे मी एकदा येऊन गेले तेव्हा पाहिलं होतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

इकडे माझं काय कौतुक चाललं आहे ते ऐका. आमचं त्या धड्यावरचं लिखाण तपासून आलं. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण. मास्तरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की इतकं चांगलं उदाहरण त्यांना अकरा वर्षांत मिळालेलं नाही, आणि पुढच्या वर्षी शिकवायला ते वापरू का असं विचारलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवालीने माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांना वाटतं ती वॉर्डातली कुणी परकी म्हातारी होती. मी म्हटलं, चिठ्ठी माझ्या एकटीची नाही, दुसऱ्या बाईंना विचारावं लागेल. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती मी दादालाही सांगणार नाही.

झटक्यानंतर मी आईला माझ्याकडे नेलं. तुमच्या हाती पुन्हा देणार नाही म्हणाले. चौदा महिने ती माझ्याकडे होती, अंगावर एक फोड येऊ दिला नाही मी. बोलणं मात्र गेलं होतं. एकच आवाज तिला काढता यायचा. सू. डाव्या हाताने चादर ओढायची, दाराकडे बघायची आणि म्हणायची, सू, सू. मी लगेच भांडं लावायची. कधी व्हायची, बऱ्याच वेळा नाही व्हायची. नाही झाली की ती डोळे मिटून घ्यायची आणि मी म्हणायची, "आई, उगीच का गं उठवतेस?" वॉर्डातल्या सवयीने मी कागदावर वेळा लिहून ठेवत असे. दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. डॉक्टरांना दाखवून मी मूत्रमार्गाचं औषधही सुरू केलं होतं.

परवा, मागच्या मंगळवारी, इथे एक बाई शिकवायला आल्या होत्या, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं, अशा रुग्णाला कधीकधी एखाद्या शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं सापडतं. हवं असलेल्या माणसाच्या नावाचं असेल, नात्याचं असेल. घरच्यांनी घाईने अर्थ लावू नये.

आई तुम्हाला कधी नावाने हाक मारायची नाही. सूनबाई म्हणायची.

तुम्ही त्या चौदा महिन्यांत तीन वेळा माझ्या दारात आला होतात. तिन्ही वेळा मी दार पुरतं उघडलंसुद्धा नाही. शेवटच्या वेळी तुमचा आवाज ऐकून आतून ती ओरडत होती, सू, सू, आणि मी तुम्हाला म्हणाले, "तिला लघवीला लागलंय, निघा तुम्ही," आणि दार लावून भांडं आणायला गेले.



दादाला येत्या रविवारी सांगते. हा रविवार चुकवला तर मला माणूस म्हणू नका.

तुमची नणंद


१ डिसेंबर

वहिनी,

काल सांगितलं. आणि तुमचं क्रियापद बरोबर होतं.

इथे सकाळचे दहा वाजले होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या दुधावर नावाच्या पट्ट्या आहेत, त्या वाचत मी फोन लावला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, परवा, दोन अर्थ, तुमची काही चूक नव्हती, माझी होती. वाटलं आता तो फोन ठेवेल, नाहीतर ओरडेल.

दादा म्हणाला, "कुठून कळलं तुला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तिने सांगितलं का?"

वहिनी, मी तिथे स्टुलावर बसले. तो सांगत होता आणि मी ऐकत होते.

तुम्ही त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर चिठ्ठी पुन्हा वाचलीत. तुम्हाला कळलं. तुम्ही ती दादापुढे धरलीत आणि म्हणालात, "त्यांना पुढचा परवा म्हणायचा होता, मी मागचा धरला. दोघींचीही चूक नाही हो. आत्ताच्या आत्ता त्यांना फोन करते." आणि दादाने तुमच्या हातातून फोन काढून घेतला.

"का?" मी विचारलं.

"तू तेव्हा कशी होतीस ते तुला आठवत नाही," तो म्हणाला. "आपल्या हातून झालं म्हटल्यावर तू वेडी झाली असतीस. नोकरी सोडली असतीस. मग आईला कुणी बघायचं? अशा रुग्णाची सेवा तुझ्याएवढी कुणाला जमणार होती? मी तिला म्हटलं, आई आहे तोवर सोस. ती हो म्हणाली."

"आणि आई गेल्यावर?"

तो म्हणाला, "मग उशीर झाला होता. रोज वाटायचं सांगू. पण तू इतक्या लोकांना सांगून बसली होतीस. तुला तोंडघशी पाडायचं माझ्याने झालं नाही."

मी त्याच्यावर ओरडले. परदेशी आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने मराठी बोलले ते हे. म्हटलं, "नऊ वर्षं माझ्याकडे येऊन मी तिला घातलेल्या शिव्या ऐकत चहा प्यायलास? मला तोंडघशी पाडायचं नव्हतं म्हणून बायकोला तोंडावर पाडलंस?" तो म्हणाला, "हो." एवढंच. नंतर रडायला लागला. दादाला रडताना मी बाबा गेले तेव्हासुद्धा ऐकलं नव्हतं.

त्याच्या गोळ्यांचंही विचारलं. मला वाटत होतं तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. तो म्हणाला, त्या दिवसापासून तुम्हीच कुणाच्या गोळ्यांना हात लावत नाही. स्वतःला ताप आला तरी तो गोळी काढून तळहातावर ठेवतो तेव्हा तुम्ही घेता.

तुमचा रागही आला मला. लपवत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं मोठं मन करायला? एकदा माझ्या थोबाडीत देऊन चिठ्ठी तोंडावर फेकली असतीत तर मी वेडी झाले असते, पण आईने सूनबाईला पाहिलं असतं. तुम्ही माझ्या भरवशावर आईला ठेवलंत आणि मी तुम्हालाच तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही. कालपासून मी हेच बोलते आहे, खोलीतल्या टेबलाशी. समजू नका की मी तुम्हाला दोष देते. मला कुणाकडे तरी बघून बोलायचं आहे आणि समोर दुसरं कुणी नाही.

मग दुपारी मी बाकड्याजवळच्या माणसांना लिहायला बसले. एकेकाला वेगळं. दहा होती, त्यातला दादा धरला तर त्याला सांगून झालंच होतं. प्रत्येकाला तारखा आणि वार घालून लिहिलं की चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचता येत होती, चूक माझी होती, वहिनींनी लिहिलं होतं तसंच केलं होतं आणि मी सर्वांसमोर त्यांना खोटं पाडलं. संध्याकाळपर्यंत उत्तरंही यायला लागली. धाकटी मावशी म्हणते, आता कशाला उकरून काढतेस. थोरली म्हणते, मला तर तेव्हाच संशय आला होता. थोरलीला मी विचारणार आहे, संशय आला होता तर तोंडात काय धरलं होतं? तुमच्या शेजारच्या बाईंनी काही लिहिलं नाही, पण दादा म्हणाला, त्या आज सकाळी तुमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तुम्ही त्यांना आत बोलावलंत.

यादीत शेवटी काका उरले. ते दोन वर्षांपूर्वी गेले, हे माझ्या हाताला ठाऊक नव्हतं बहुतेक. त्यांचं नाव लिहून मी 'ती. काका' पर्यंत गेले होते. मग आज दादाला पुन्हा फोन केला आणि विचारलं, काकांना कधी कळलं होतं का? कारण शेवटचे सात महिने ते तुमच्याच घरी अंथरुणावर होते.

दादा म्हणाला, "नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "मग त्यांचं सगळं वहिनींनीच केलं ना?"

तो म्हणाला, "अंथरूण बदलायची, अंग पुसायची, सगळं करायची. पण औषध तिच्या हातचं घेत नव्हते ते. नंतर नंतर पाणीसुद्धा नाही. मी दुपारी कामावरून येऊन पाजायचो. शेवटच्या दिवशी मला यायला उशीर झाला. ती तांब्या घेऊन उभी होती आणि ते मान फिरवत होते."

ते तसेच गेले. तहानलेले, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. बाकी सगळ्यांना मी सांगितलं, वहिनी. त्यांना आता कोण सांगणार?

तुमची नणंद